ऑलरेडी शिकवताना

आमच्या सोलापुरात ‘ऑलरेडी’ हा शब्द येत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. रिक्षावाला म्हणतो, ‘‘मॅडम, ऑलरेडी तिघं बसल्यात, सरका की जरा.’’ भाजीवाली म्हणते, ‘‘ऑलरेडी कमी लावलंय, आता काय फुकट देऊ?’’ माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती. जन्मभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली. तीसुद्धा शेवटच्या आजारपणात डॉक्टरला म्हणाली होती, ‘‘गोळी ऑलरेडी घेतली की रं बाबा.’’

आणि हीच माणसं माझ्यासमोर खुर्चीत बसली, मी म्हटलं की हा शब्द घालून इंग्रजीत एक साधं वाक्य बोला, की दातखीळ बसते. घाम पुसतात, पंख्याकडं बघतात, पाणी मागतात. आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास काढून मी आयुष्यभर याच दातखिळीशी झुंजले. दिवाळी अंकात अनुभव लिहायचे म्हणजे काहीतरी यशाचं लिहावं लागतं, एवढं मला कळतं. पण यशाचं काही सापडेना. जे आहे ते लिहिते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ऑलरेडी म्हणजे आधीच, अगोदरच. समोरच्याला वाटतंय की काम व्हायचंय, आणि ते तर होऊन गेलंय, अशा वेळी तो शब्द वापरायचा. यात अवघड काय? काही नाही. पुस्तकात त्यावर अर्धं पान असतं. पण आपल्याकडं काम झालं आणि काम होणार, यांच्यामध्ये एक भलताच मुलूख पसरलाय, आणि तिथं आपण सगळे सुखानं राहतो. अंघोळीला जायच्या आधी फोनवर ‘‘आलोच!’’ म्हणणारी माणसं आपण. इंग्रजीला हा मुलूख ठाऊक नाही.

माझ्याकडं एक चादरीवाले शेठ यायचे. घरात तेलुगू, दुकानात मराठी, बाजारात हिंदी, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल लिहायला इंग्रजी हवं म्हणून माझ्याकडं. हुशार माणूस. एकदा त्यांनी लिहिलं, ‘युअर गुड्स हॅव ऑलरेडी लेफ्ट.’ व्याकरणात एक चूक काढून दाखवा! मी शाबासकी दिली. पुढच्या आठवड्यात शेठ पडलेल्या चेहऱ्यानं आले. माल अजून यंत्रमागावरच होता, विणून व्हायचा होता. मी म्हटलं, ‘‘अहो, मग गेला असं का लिहिलंत?’’ तर म्हणाले, ‘‘मॅडम, आपण म्हणतोच की, माल निघालाच म्हणून. इथला गिऱ्हाईक समजून घेतो. तो तिकडचा बंदरावर जाऊन उभा राहिला, त्याला मी काय करू?’’ मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही आणि शेठही क्लासला यायचे बंद झाले.

आणखी एक होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आजोबा. मुलगा अमेरिकेत, नातू तिथंच जन्मलेला. नातवाशी बोलता यावं एवढ्यासाठी या वयात वही-पेन घेऊन तरण्या पोरींच्या शेजारी बसायचे. फार कौतुक वाटायचं मला. एक दिवस क्लास सुटल्यावर रेंगाळले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तो हल्ली फोनवर सारखं म्हणतो, यू ऑलरेडी टोल्ड मी, आजोबा. याचा नीट अर्थ काय हो?’’ आता काय सांगणार? शिक्षक ना मी? सांगितला अर्थ. ते ‘‘बरं बरं’’ म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. पुढं क्लासला आले, पण फोनचा विषय त्यांनी कधी काढला नाही. इतकं इंग्रजी शिकवून मी त्या माणसाला काय दिलं?

असो. मला सांगायचंय ते अर्चनाचं.

अर्चना करकंबची. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यांनी वाढवलं, नर्सिंगपर्यंत शिकवलं. सोलापुरात एका खासगी दवाखान्यात ती नोकरी करत होती. तिला आखातातल्या एका इस्पितळात नर्स म्हणून जायचं होतं. कागद पास झाले होते, अनुभव पुरेसा होता. फक्त एक तोंडी मुलाखत उरली होती, कॉम्प्युटरवर, इंग्रजीतून. पहिल्या दिवशी चुलतेही बरोबर आले होते. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, बोलायला रोखठोक. म्हणाले, ‘‘मॅडम, माळशिरसचं स्थळ आलंया. चांगली मानसं हायत. पर त्यास्नी नोकरी करणारी सून नको. रातपाळी-बितपाळी चालायची न्हाय म्हंत्यात. हिचं हे परदेशाचं जमलं तर माझी ना न्हाय, जाऊ दे. न्हाय जमलं तर मग नर्सपण ठेवायचं बाजूला आन् उभं ऱ्हायाचं बोहल्यावर. एकदाच संधी. म्या शब्द दिलाय तिला, आन् तिनं मला.’’

माणूस वाईट नव्हता. पुतणीला शिकवायला स्वतःच्या पोराची शाळा सुटू दिलेला माणूस. म्हणूनच अर्चनाला त्याच्याशी भांडता येत नव्हतं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, ‘‘मॅडम, मला पेशंटबिगर न्हाय करमणार ओ. घरात बसून मी काय करू?’’

तिला बोलती करायची, एवढंच माझं काम होतं. पहिल्याच तासाला मी म्हटलं, ‘‘अर्चना, आज सकाळपासून काय काय केलंस ते इंग्रजीत सांग.’’ गप्प. मी थांबले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं, काहीच येत नाही हिला. मी सहज म्हटलं, ‘‘आय हॅव ऑलरेडी...’’ आणि तिनं तोफ डागल्यासारखं वाक्य पुरं केलं, ‘‘टेकन माय ब्रेकफास्ट!’’

मी चमकले. दुसरं सुरू केलं, ‘‘द डॉक्टर हॅज ऑलरेडी...’’ ‘‘सीन द पेशंट!’’ काळ बरोबर, क्रियापद बरोबर, उच्चार चांगला. आणि तो सूर! शेवटचा शब्द जरा वर चढवून लांबवायचा. तो सूर मी ओळखला. का ओळखणार नाही? आख्ख्या जिल्ह्याच्या शाळांचा तोच सूर आहे. वर्गात साठ-सत्तर पोरं. एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर सहामाहीपर्यंत पहिला धडा संपायचा नाही. म्हणून बाईंनी किंवा सरांनी अर्धं वाक्य म्हणायचं, हात वर करायचा, आणि उरलेलं अर्धं वर्गानं एका दमात ओरडायचं. करकंबला तेच, सांगोल्याला तेच, माझ्या शाळेत तेच. तपासणीला साहेब आले की खूश होऊन जायचे. वर्ग दणाणला म्हणजे पोरांना येतंय असा सगळ्यांचा समज. त्या दणदणाटात वाक्याचा शेवट सगळ्यांना यायचा. सुरुवात मात्र फक्त बाईंची.

अर्चनाच्या डोक्यात सगळं इंग्रजी तयार होतं. पण कुणीतरी दार उघडून दिल्याशिवाय त्यातलं एक अक्षर बाहेर यायचं नाही. मराठीत म्हणाल तर चुरूचुरू बोलायची. वॉर्डातल्या गमती सांगायला लागली की क्लासमधल्या पोरी पोट धरून हसायच्या. आणि इंग्रजीत तिला सुरुवात हवी.

मी कंबर कसली. बाकीच्या पोरी गेल्या की तिला थांबवून घ्यायची. आधी निम्मं वाक्य द्यायची, मग दोन शब्द, मग एकच ‘आय’. मग नुसते ओठ हलवायचे. शेवटी तेही बंद करून फक्त हात वर करायचा. हात वर केला की ती सुरू. आणि सुरू झाली की मग थांबायची नाही हो! दवाखान्यात पाळी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते. मुलाखतीत तेच विचारणार होते. यातच आमच्या या शब्दाची खरी किंमत कळते. कुठलं औषध देऊन झालंय आणि कुठलं द्यायचंय हे नीट सांगितलं नाही, तर पेशंटला तेच इंजेक्शन पुन्हा टोचलं जाईल. अर्चना ते धडाधड सांगायची. इन्शुलिन ऑलरेडी दिलंय, रक्त ऑलरेडी तपासायला पाठवलंय, ड्रेसिंग अजून राहिलंय, पेशंटचा मुलगा फार घाबरलाय तर त्याच्याशी दोन शब्द बोला. हे शेवटचं मी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिनं घातलेलं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी हातसुद्धा वर केला नाही. मांडीवर ठेवून बसले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि सुरू केलं. सगळं बोलली. मी उठून तिच्या तोंडात पेढा घातला. म्हटलं, ‘‘पोरी, जिंकलीस!’’ आता लक्षात येतं, हात वर नव्हता, पण ती बघत हाताकडंच होती.

मुलाखत सात रस्ता चौकाजवळच्या एका एजंटच्या ऑफिसात होती. काचेची केबिन, आत लॅपटॉप आणि एक खुर्ची. एजंट पोरगा भला होता. म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही काचेच्या बाहेर सोफ्यावर बसा, काही प्रॉब्लेम नाही.’’ अर्चना इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून, केस चापून बांधून आत बसली. मला आवाज ऐकू येत होता. पलीकडं एक बाई होत्या, आवाजानं मवाळ. नाव, गाव, अनुभव विचारला. ते सगळं पाठच होतं, अर्चनानं छान सांगितलं. मग त्या बाईंनी पडद्यावर एका पेशंटचा कागद दाखवला. म्हणाल्या, समज, तुझी पाळी संपली. पुढच्या नर्सला सांग, काय झालंय आणि काय राहिलंय. तुझी तयारी झाली की सुरू कर.

सुरू कर.

अर्चनानं कागद बघितला. तिचे ओठ हलले. मग तिनं मान वळवून काचेतून माझ्याकडं बघितलं.

मी दोन्ही हात पर्सखाली दाबून बसले होते. मला ठाऊक होतं, हात वर केला तर घात होईल. मी तिच्याकडं बघतही नव्हते, समोरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल, तुला येतंय. तिनं पुन्हा पडद्याकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘‘तुझ्याबरोबर तिथं कुणी आहे का?’’

अर्चना काहीच बोलली नाही. ‘नो’ म्हटलं तर खोटं, ‘येस’ म्हटलं तर संपलं. त्या बाईंनी लॅपटॉप फिरवायला सांगितला. एजंट पोरगा धावत आत गेला, सारवासारव करायला लागला, पण फिरवावा लागलाच. आणि मी पडद्यावर आले. साठीची बाई, मांडीवर पर्स. नमस्कार करू की उठून बाजूला होऊ, काही कळेना.

मी आत गेले. मला तरी सुरुवात करता येते ना! मी इंग्रजीतून सांगितलं की मी तिची शिक्षिका आहे, मी एक शब्द सांगितलेला नाही, एक बोट हलवलेलं नाही, या मुलीसारखी नर्स तुम्हाला मिळणार नाही, तिला पाच मिनिटं एकटीला द्या. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘आय ॲम सॉरी, मॅम. आय हॅव ऑलरेडी क्लोज्ड द इंटरव्ह्यू.’’ शब्द अगदी जिथं हवा तिथं वापरला होता त्यांनी. पडदा काळा झाला.

एजंट पोरानं डोक्याला हात लावला. ‘‘मॅडम, कुणी मागनं सांगतंय असा शेरा पडला की त्या इस्पितळात नाव कायमचं कटतं,’’ म्हणाला.

जिन्यात अर्चना मटकन खाली बसली. रडली नाही. भिंतीकडं बघून म्हणाली, ‘‘मॅडम, मला सगळं येत हुतं ओ. पर कुणी सुरूच करंना.’’ आणि मग तिथंच, त्या जिन्यात, तिनं त्या कागदावरच्या पेशंटची सगळी माहिती मला मराठीत सांगितली. साखर किती काळजीनं बघायला हवी, कुठलं औषध देऊन झालंय, कुठलं राहिलंय, आणि त्या पेशंटच्या पायाला जखम होती ती रात्रीत का चिघळू शकेल. कागदावर न लिहिलेलंसुद्धा तिनं ओळखलं होतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसून ऐकत होते. मला वाटलं, हिला उचलून विमानात बसवावं आणि त्या मवाळ आवाजाच्या बाईपुढं नेऊन उभं करावं. पण माझ्या हातात काय होतं? येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी आम्ही पाय आखडून घेत होतो, एवढंच.

मी करकंबला गेले. चुलत्यांना हातापाया पडून सांगितलं, दुसरं इस्पितळ बघू, सहा महिने द्या. त्यांनी मला चहा पाजला, खाटेवर बसवलं. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी लई केलं पोरीसाठी. पर एकदा म्हंजे एकदाच ठरलं हुतं. माळशिरसवाल्यास्नी किती दिस टांगून ठेवू?’’ मी अर्चनाकडं बघितलं. म्हटलं, ‘‘तू बोल की गं. तुझा चुलता आहे, मारणार आहे का? सांग त्यांना, मला नोकरी सोडायची नाही.’’ ती उंबऱ्यापाशी उभी होती. तोंड उघडलं, मिटलं. ‘‘अर्चना?’’ मी पुन्हा म्हटलं. चुलते वाट बघत थांबले होते. खरंच थांबले होते, ऐकायची तयारी होती त्यांची, हे मी डोळ्यांनी बघितलं. शेवटी चुलतेच म्हणाले, ‘‘मंग तारीख धरू नव्हं?’’ आणि ती म्हणाली, ‘‘धरा.’’

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की हा रोग इंग्रजीचा आहे.

आजही क्लास चालू आहे. लोक म्हणतात, निवृत्त झालात, आता आराम करा. क्लास बंद करून मी काय करू, घरातल्या भिंतींशी इंग्रजी बोलू? नव्या पोरी येतात, बसतात, माझ्या तोंडाकडं बघतात. मी आता गच्च तोंड मिटून बसते. अर्धं वाक्य द्यायचं नाही असं पक्कं ठरवलंय. तास संपतो, कुणी बोललेलं नसतं. त्यातल्या बऱ्याच पोरी दुसऱ्या क्लासला गेल्या, तिथले सर म्हणे फार छान शिकवतात, सगळा वर्ग एकदम बोलतो. परवा एका पोरीच्या आईनं मला तोंडावर विचारलं, ‘‘मॅडम, तुमी शिकवतच न्हाय म्हंत्यात, मग फी कशाची घेता?’’

अर्चनाच्या लग्नाला मी गेले. न जाऊन सांगते कुणाला. मंडप भरगच्च, स्पीकर कान फाडत होता. अक्षता पडल्या, मग बायकांनी नवरीभोवती कोंडाळं केलं. ‘‘नाव घे, नाव घे!’’ उखाणा घ्यायचा. कुणीतरी तिच्या तोंडासमोर माईक धरला. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या, मान खाली. गप्प. ‘‘घे की गं, लाजतीस काय?’’ गप्प. सगळा मंडप थांबला. मला तिथं बसवेना. तेवढ्यात तिच्या नव्या चुलतसासूनं माईक आपल्याकडं ओढला आणि ठसक्यात सुरू केलं, ‘‘उसाच्या फडाला पाण्याची पाळी...’’

अर्चनानं मान वर केली. ‘‘...सचिनरावांचं नाव घेते लग्नाच्या वेळी!’’ शेवटचा शब्द वर चढवून, लांबवून. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

चुलते गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आले. डोळे भरून आले होते त्यांचे, आनंदानं. म्हणाले, ‘‘बगितलं का मॅडम? बोलली का न्हाय पोरगी? तुमी उगंच जिवाला घोर लावून घेतला हुता.’’

मी ‘‘व्हय’’ म्हणाले आणि जेवायच्या पंगतीत जाऊन बसले.